करण्यात यावे... पण कोणी?

गणपतीसाठी हॉल बुक करायचा म्हटलं, की ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना आजवर तीनच प्रश्न पडायचे. भाडं किती, पार्किंग किती आणि स्वयंपाकघर वापरू देतील का? आता त्यात चौथा प्रश्न येऊ घातला आहे. हॉलमध्ये काही भलतंच घडलं, तर आतल्या माणसांचं काय करायचं हे ठरलेलं आहे का?

या प्रश्नामागे एक कायदा आहे. मे २०१७ मध्ये मँचेस्टर अरिना या सभागृहात बॉम्बस्फोट झाला, त्यात २२ जणांचा बळी गेला. त्यांपैकी एक होता मार्टिन हेट. त्याची आई फिगेन मरे यांनी पुढची काही वर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि ३ एप्रिल २०२५ रोजी 'टेररिझम (प्रोटेक्शन ऑफ प्रिमायसेस) ॲक्ट' मंजूर झाला. लोक त्याला 'मार्टिन्स लॉ' म्हणूनच ओळखतात. जिथे एका वेळी २०० किंवा त्याहून जास्त माणसं जमू शकतात, अशा सार्वजनिक जागांना चार गोष्टी ठरवून ठेवाव्या लागतील. माणसांना बाहेर कसं काढायचं, बाहेर धोका असेल तर आत सुरक्षित कसं ठेवायचं, दारं कशी बंद करायची आणि हे सगळं लोकांना कसं कळवायचं. ८०० च्या पुढे गेलं की नियम आणखी कडक होतात. प्रार्थनास्थळं मात्र कितीही मोठी असली तरी पहिल्याच गटात राहतात. तयारीसाठी किमान २४ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे एप्रिल २०२७ च्या आधी अंमलबजावणी नाही.

कायदेशीर जबाबदारी मुख्यतः जागेचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांची. पण शाळेचा किंवा कम्युनिटी सेंटरचा ट्रस्ट उद्या आपल्याला विचारणारच, की त्या दिवशी दारावर तुमचं कोण असेल? मग मंडळाचे सेक्रेटरी रात्री लॅपटॉप उघडून बसणार, एआयला सांगणार, 'अडीचशे माणसांच्या कार्यक्रमासाठी आपत्कालीन योजना लिहून दे', आणि अर्ध्या मिनिटात चार पानं हजर होणार. भाषा झकास, मुद्दे ठळक. अशी हजारो कागदपत्रं येत्या काळात तयार होतील.

त्यांचा अडीअडचणीला उपयोग होईल का, हा खरा प्रश्न. आणि त्याच संदर्भात संगणकशास्त्रातल्या एका कामाची ओळख करून द्यावीशी वाटते. ते काम म्हणजे, लिहिलेल्या आपत्कालीन योजनेचं संगणकानं आपोआप 'प्रोसेस मॉडेल' बनवणं.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

आयटीतल्या मंडळींना हे नवं नाही. बाकीच्यांसाठी सोप्या भाषेत सांगायचं, तर हा कामाचा नकाशा. प्रत्येक काम एका चौकटीत. एक काम संपल्यावर कुठलं सुरू होतं ते बाणानं दाखवायचं. 'आग आहे की नाही?' असा निर्णय आला की वाटेला फाटा फुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदावर आडव्या पट्ट्या असतात, पोहण्याच्या तलावात दोर लावून पट्टे करतात तशा. एक पट्टा पोलिसांचा, एक अग्निशमन दलाचा, एक रुग्णवाहिका सेवेचा. प्रत्येक चौकट कुठल्या ना कुठल्या पट्ट्यात बसलीच पाहिजे, अधांतरी ठेवता येत नाही. 'बीपीएमएन' ही यासाठीची सर्वाधिक वापरली जाणारी चित्रलिपी. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

योजना गद्यात असली की आपण ती वाचतो, मान डोलावतो आणि फाईल बंद करतो. गद्यात त्रुटी लपतात, नकाशात त्या उघड्या पडतात. एखाद्या चौकटीतून बाण बाहेरच पडत नसेल, तर तिथे काम अडकणार हे सरळ दिसतं. पहिला दुसऱ्याची वाट बघतोय आणि दुसरा पहिल्याची, असं चक्र असेल तर तेही दिसतं. हे तपासण्याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या 'पेट्री नेट'पासून विकसित होत आलं आहे. ते काम संगणक न कंटाळता करतो.

मँचेस्टरमध्ये काय झालं?

याचं महत्त्व समजून घ्यायला मँचेस्टरइतकं बोलकं उदाहरण नाही. २२ मे २०१७, रात्रीचे १०:३१. आरियाना ग्रांडेचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत होते आणि अरिनाच्या 'सिटी रूम' नावाच्या मोकळ्या दालनात स्फोट झाला.

योजना नव्हत्या का? भरपूर होत्या. पोलिसांची होती, अग्निशमन दलाची होती, रुग्णवाहिका सेवेची होती. तिन्ही दलांनी एकत्र काम करावं म्हणून 'जेसिप' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून सुरू होता. त्याचा पहिलाच धडा असा, की सगळ्यांनी आधी एका जागी भेटा. प्रत्यक्षात त्या रात्री तिन्ही दलांनी भेटीच्या वेगवेगळ्या जागा ठरवल्या. अरिनापासून साधारण अर्ध्या मैलावरच्या अग्निशमन केंद्रात जवानांनी स्फोटाचा आवाज ऐकला होता. पण त्यांना पाठवलं गेलं ते जवळपास तीन मैल लांबच्या फिलिप्स पार्क केंद्रावर. अग्निशमन दल घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. जखमींना सिटी रूममधून हलवेपर्यंत तिथे आत गेलेल्या पॅरामेडिकची संख्या होती फक्त तीन.

सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशी समितीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात हे सगळं तपशीलवार मांडलं. एका २८ वर्षांच्या तरुणाला वेळेत योग्य मदत मिळाली असती, तर तो बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष त्यात आहे. हे वाक्य वाचून पुढचं पान पटकन उलटवत नाही.

या गोंधळाच्या मध्यभागी एक पद होतं. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांचा 'फोर्स ड्युटी ऑफिसर', म्हणजे नियंत्रण कक्षातला ड्युटीवरचा मुख्य अधिकारी. त्यानं रात्री १०:४७ ला 'ऑपरेशन प्लेटो' जाहीर केलं. शस्त्रधारी हल्लेखोर फिरत असावेत, अशा प्रसंगासाठीचा तो संकेत. पण हा संकेत इतर दलांना कळवायचं राहून गेलं. अग्निशमन दलाचा समन्वय अधिकारी त्याला फोन लावत होता, तो लागत नव्हता. का? तर सगळ्या बाजूंनी सगळे फोन त्या एकाच माणसाकडे येत होते.

आता हीच योजना पट्ट्यापट्ट्यांच्या नकाशावर मांडून बघा. एका पट्ट्यात चौकटींची गर्दी आणि इतर सगळ्या पट्ट्यांतले बाण त्याच दिशेनं निघालेले. समजा, पहिल्या काही मिनिटांत त्या एका माणसाच्या वाट्याला बारा कामं आली आणि प्रत्येकाला दोनच मिनिटं लागली. तरी शेवटच्या कामाची पाळी येईपर्यंत २२ मिनिटं गेलेली असतात. शेवटचं काम 'इतर दलांना कळवणे' हे असेल तर? ही बेरीज शाळेतलं पोरही करेल. पण योजनेच्या गद्यात ती कुठेच दिसत नाही, कारण ती बारा कामं वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात.

ही अडचण कुणाला माहीतच नव्हती असंही नाही. स्फोटाच्या वर्षभर आधी, मे २०१६ मध्ये, मँचेस्टरच्याच ट्रॅफर्ड सेंटरमध्ये मोठा सराव झाला होता. या अधिकाऱ्यावर पडणारा भार आणि इतर दलांपर्यंत निरोप न पोचणं, हे तेव्हाही समोर आलं होतं. म्हणजे माहिती होती, पण कोणी ती दुरुस्त केली नाही. मॉडेल हाताशी असतं तर सगळे वाचले असते, असा दावा कोणी करू नये. मात्र, अहवालाच्या परिच्छेदात दबून राहणारी गोष्ट चित्रात डोळ्यांवर येते, आणि डोळ्यांवर आलेली गोष्ट टाळणं जास्त कठीण असतं.

यंत्र वाचतं कसं?

मग सगळ्या योजनांचे असे नकाशे का नसतात? कारण हातानं ते काढणं फार किचकट काम आहे. शंभर-दोनशे पानांची योजना वाचून तज्ज्ञानं चौकटी काढायच्या आणि सहा महिन्यांनी योजना बदलली की पुन्हा सगळं नव्यानं. म्हणून हे काम संगणकाकडून करून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले.

फ्रीडरिश, मेंडलिंग आणि पुलमन या तीन संशोधकांचा २०११ मधला शोधनिबंध या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. त्यांच्या प्रणालीनं वाक्यं फोडली, कर्ता-कर्म-क्रियापद शोधलं, 'जर-तर' आणि 'त्याच वेळी' असे शब्द पकडले आणि चित्र काढलं. ४७ मजकुरांवर तपासलं, तेव्हा सरासरी ७७ टक्के मॉडेल बरोबर आलं. त्या काळासाठी ही मोठीच मजल होती. पण ते मजकूर प्रामुख्यानं कार्यालयीन कामकाजाचे होते. विम्याच्या अर्जात चौकट चुकली तर अर्ज परत येतो. इथे चुकली तर परत काही येत नाही.

आता मोठी भाषा-मॉडेल्स आली आहेत, म्हणजे आपण रोज वापरतो ती एआय. व्याकरणात ती फारशी अडखळत नाहीत. पण दोन जुन्या अडचणी कायम आहेत. पहिली अडचण क्रमाची. 'सर्वांना बाहेर काढून आपत्कालीन सेवांना कळवावे' असं वाक्य घ्या. शब्दशः नकाशा काढला तर फोन शेवटी येतो, म्हणजे अडीचशे माणसं बाहेर पडेपर्यंत ९९९ ला कोणी फोनच करायचा नाही! लिहिणाऱ्याच्या मनात दोन्ही कामं एकदमच होती, पण तो तसं लिहून गेला नाही.

दुसरी अडचण कर्त्याची, आणि ती जास्त खोल आहे.

आपल्या सरकारी मराठीचा 'यावे'

इंग्रजी योजनांमध्ये 'लोकांना सूचना दिली जाईल' छापाची वाक्यं पानोपानी असतात. सूचना कोण देईल ते नाही. याबाबतीत आपली सरकारी मराठी तर दोन पावलं पुढे! 'नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात यावे.' 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.' 'संबंधित विभागांशी समन्वय ठेवण्यात यावा.' या धाटणीची वाक्यं परिपत्रकांत वाचतच आपण मोठे झालो. वाक्य पूर्ण, व्याकरण शुद्ध आणि माणूस गायब. 'संबंधित' म्हणजे कोण, हे त्या 'संबंधिता'लाही माहीत नसतं.

त्यात आपला आदरार्थी बहुवचनाचा थाट. 'जिल्हाधिकारी पथकांना पाचारण करतील व त्यांनी पंचनामे करावेत.' इथे 'त्यांनी' म्हणजे साहेबांनी की पथकांनी? आपण संदर्भावरून ओळखतो. यंत्राला मात्र एक व्यक्ती आदरानं की अनेक माणसं, हे ठरवावं लागतं, आणि चुकलं तर काम भलत्याच पट्ट्यात जाऊन बसतं.

हा नुसता भाषेचा खेळ नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे भारतात प्रत्येक जिल्ह्याची योजना असायला हवी आणि दरवर्षी तिचा आढावा घ्यायला हवा. गावाकडे आपले आईवडील, काका, मावश्या ज्या जिल्ह्यात राहतात, त्यांच्यासाठीचा हा कागद. आता सांगलीचं बघा. कृष्णेला पूर आला की एकीकडे कोयनेचा विसर्ग आणि दुसरीकडे खाली कर्नाटकात अलमट्टीची पातळी, दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. अलमट्टीमुळे सांगलीत पाणी किती चढतं, यावर दोन राज्यांत वाद आहे आणि तो इथे सुटणार नाही. पण २०१९ च्या महापुरानंतर हे नक्की कळलं, की धरणावरची माहिती राज्याची सीमा ओलांडून वेळेत पोचणं गरजेचं आहे. नकाशात हा एक बाण आहे. तो कोणाच्या पट्ट्यातून निघतो, कोणाच्या पट्ट्यात पोचतो आणि समोरच्यानं फोन उचलला नाही तर पुढे काय? 'शेजारील राज्याशी समन्वय ठेवण्यात यावा' या वाक्यात यातलं एकही उत्तर नाही.

यंत्रानं गप्प बसायला शिकावं

आता मुख्य मुद्दा. अशा कर्ता नसलेल्या वाक्यासमोर यंत्रानं काय करायचं?

जुनी प्रणाली अडखळायची. चौकट कुठल्या पट्ट्यात टाकायची ते तिला कळायचं नाही आणि ती मोकळी जागा सोडायची किंवा चूक दाखवायची. आजची एआय अडखळत नाही. ती सर्वसाधारण ज्ञानातून अंदाज बांधते आणि 'नागरिकांना हलवणे' ही चौकट पोलिसांच्या पट्ट्यात ठेवून देते. कारण बहुतेक ठिकाणी असंच असतं. चित्र सुंदर, सगळे बाण जुळलेले, कुठेही भोक नाही. पण मूळ योजनेत ते काम कोणालाच दिलेलं नव्हतं! पोलिसांना वाटतंय महसूल खातं करेल, महसूल खात्याला वाटतंय पोलीस करतील. यंत्रानं खड्डा बुजवला नाही, त्याच्यावर नुसती सतरंजी अंथरली.

म्हणून मला वाटतं, या तंत्रज्ञानाची खरी किंमत ते किती सफाईदार चित्र काढतं यात नाही. 'या वाक्यात कोणी करायचं ते लिहिलेलं नाही, मला सांगा' असं ते किती वेळा विचारतं, यात आहे. दोनशे पानांच्या योजनेतून नकाशा निघाला नाही, पण अशा ऐंशी रिकाम्या जागांची यादी जरी निघाली, तरी ते काम फत्ते झालं असं मी म्हणेन. प्रत्येक चौकट मूळ योजनेतल्या कुठल्या वाक्यावरून आली ते दिसलं पाहिजे. जिथे यंत्रानं स्वतःच्या मनानं भर घातली, तिथे वेगळा रंग हवा. आणि त्या रिकाम्या जागा भरायच्या त्या माणसांनीच, तेही ज्यांच्यावर काम येणार आहे त्यांना समोर बसवून.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आपत्ती काय चौकटी बघून येते का? बरोबरच आहे. मँचेस्टरमध्येच याचं उदाहरण आहे. 'प्लेटो' जाहीर झाल्यावर काटेकोर नियमानं बघितलं, तर निःशस्त्र पोलिसांना धोक्याच्या भागातून बाहेर काढायला हवं होतं. त्याच ड्युटी ऑफिसरनं तसं केलं नाही. जखमींपाशी ते थांबले. मार्च २०१८ च्या केर्सलेक अहवालानं या निर्णयाचं कौतुकच केलं. म्हणजे एकाच माणसाकडून त्या रात्री एक निरोप राहिला आणि एक निर्णय नियमापेक्षा शहाणा ठरला. तेव्हा नकाशानं माणसाचा विवेक बांधून ठेवायचा नाही. उलट, निरोप देण्यासारखी ठरलेली कामं वाटून दिली असती, तर असे अवघड निर्णय घ्यायला त्याला डोकं मोकळं मिळालं असतं.

आपल्या हॉलपुरतं

मंडळाला बीपीएमएन शिकायची गरज नाही. एआयकडून योजना लिहून घेतलीत तरी हरकत नाही. फक्त त्यानंतर तिलाच उलटं कामाला लावा. 'ही योजना वाच. प्रत्येक कामासाठी कोण, कधी, कोणाला कळवायचं आणि तो माणूस जागेवर नसेल तर कोण, यांपैकी काय लिहिलेलं नाही ते सांग. स्वतःहून काहीही भरू नकोस.' मग जे प्रश्न येतील ते छापा आणि कमिटीच्या बैठकीत, चहा-बिस्किटांच्या आधी, एकेक करून सोडवा.

काय प्रश्न येतील, त्याचा अंदाज करता येतो. 'स्वयंसेवक दरवाजे उघडतील.' कुठले स्वयंसेवक? आरती चालू असताना मागच्या दाराशी कोणी असतं का, की सगळे पुढे येतात? 'स्वयंपाकघरातला गॅस बंद करावा.' प्रसादाचं ज्यांच्याकडे आहे त्यांना हे सांगितलंय का? 'ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यावी.' माईक कोणाच्या हातात आहे आणि ढोल-ताशे वाजत असताना पथकाला थांबा म्हणायचं कोणी? 'दारं आतून बंद करावीत.' किल्ली केअरटेकरकडे आहे आणि तो सहा वाजता घरी जातो, मग?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सूचना कुठल्या भाषेत देणार? आपल्या कार्यक्रमात पहिल्या दोन रांगांत बसलेले असतात ते भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. 'लॉकडाऊन, मूव्ह अवे फ्रॉम द विंडोज' अशी घोषणा झाली, तर त्यांतल्या कितींना ती गडबडीत कळेल? नातवंडं खाली क्रेशमध्ये, मुलगा-सून स्टेजच्या मागे. 'खिडक्यांपासून लांब व्हा, खाली बसा, दार उघडू नका' ही तीन वाक्यं मराठीत लिहून माईकपाशी चिकटवून ठेवणं, हे काम कुठलाही आयता नमुना आपल्याला सुचवणार नाही. ते आपल्यालाच सुचायला हवं.

यंदा मंडळाची योजना लिहायला घ्याल, तेव्हा एक नियम पाळून बघा. 'करण्यात यावे' हे शब्द वापरायचेच नाहीत. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला जबाबदार माणसाचं नाव आणि त्याच्यापुढे तो नसेल तर कोण, त्याचं नाव. जिथे नाव सुचणार नाही, तिथे तुमच्या योजनेतलं भोक सापडलं असं समजा. ते कागदावर, निवांत वेळी सापडलेलं बरं.